ऐरण आली, पण ती बिडाची निघाली

घरी लोहारकाम करायचं डोक्यात आलं आणि मी सगळ्यात आधी ऐरण घेतली. ऐरणीशिवाय लोहार कसला, असा हिशेब. शेड रिकामी होती, भट्टीचा पत्ता नव्हता, धुराड्याचा तर विचारही नव्हता, आणि मधोमध चकचकीत रंगवलेली ४० किलोची ऐरण. दोन आठवडे येता-जाता तिच्याकडे बघत होतो.

मग फिटरकाम करून निवृत्त झालेले ओळखीचे एक काका आले. खिशातून बेअरिंगमधली मोठी गोळी काढली आणि वितभर उंचीवरून ऐरणीवर सोडली. गोळी ‘थप्’ करून पडली, जेमतेम बोटभर उसळली आणि घरंगळून खाली गेली. काका म्हणाले, "बीड आहे रे हे, ओतीव लोखंड. पोलादाची असती तर गोळी जवळजवळ परत हातात आली असती." रंगाखाली काय आहे हे मी विकणाऱ्याला विचारलंही नव्हतं. चार दिवसांनी थंड सळईवर जरा जोरात घाव घातला तर कडेचा टवका उडून भिंतीवर आदळला. बीड ठिसूळ असतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तो टवका कानाजवळून जाणं वेगळं. चष्मा त्या दिवसापासून कायमचा डोळ्यांवर आला.

चांगली पोलादी ऐरण तेव्हा परवडणारी नव्हती. शेवटी भंगारातून, पावती घेऊन, रेल्वेच्या रुळाचा दोन फुटी तुकडा आणला. तो आडवा ठेवून ठोकायला लागलो तर काकांनी थांबवलं. आडवा रूळ मधल्या पातळ पाटीमुळे घावाखाली दबतो आणि उसळतो. तोच उभा केला की हातोड्याखाली सरळ दोन फूट सलग पोलाद येतं. वर ठोकायला मिळणारी जागा फार तर सात सेंटीमीटर रुंद, पण हातोडा तरी एका वेळी किती जागेवर पडतो? जाड फळ्यांची पेटी केली, रूळ त्यात उभा केला आणि भोवती कोरडी वाळू ठासून भरली. वाळूने तो हलत नाही आणि कान फाडणारा आवाजही बराच कमी होतो.

उंचीचा घोळ मात्र महिनाभर चालला. सरळ उभं राहून हात खाली सोडला आणि मूठ वळली, की बोटांच्या पेरांची जी उंची तीच ऐरणीच्या माथ्याची, असा ढोबळ नियम आहे. मी तो वाचला आणि पेटीचा तळ मोजायला विसरलो. रूळ हवा त्यापेक्षा आठ सेंटीमीटर जास्त उंच झाला. खांदा दुखायला लागला, पण खरी चुगली केली ती लोखंडानेच. प्रत्येक घावाला हातोड्याच्या माझ्याकडच्या कडेचा अर्धचंद्र उमटायचा. आपल्याकडची कड रुतते तेव्हा ऐरण उंच असते, पलीकडची रुतते तेव्हा बुटकी. तळाची फळी काढली, थोडी वाळू उपसली, आणि त्याच हाताने, त्याच हातोड्याने सपाट घाव पडायला लागले. हातोडा किलोभराचा आहे. त्याआधी मोठेपणा करून दोन किलोचा घेतला होता, पण पंधरा मिनिटांत घाव वाकडे पडायचे.

भट्टी सोपी गेली. गाडीचा जुना ब्रेक ड्रम, त्याच्या तळाला जाडसर लोखंडी जाळी, खाली दोन इंची पाइपाचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीच्या आडव्या तोंडातून पंख्याची हवा, खालच्या तोंडाला राख झाडायचं झाकण. पाइपाला जस्ताचा मुलामा असलेला घेऊ नका. जस्त ९०७ अंशाला उकळतं, भट्टी त्याच्या कितीतरी पुढे जाते, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणखी एक सांगतो, हवा कमी-जास्त करायची सोय नसेल तर भट्टी करूच नका. माझा पंखा एकाच वेगाचा होता. पहिला आकडा (हूक) करायला घेतला, टोक निखाऱ्यांत खोल खुपसलं, जरा वळून सांडशी शोधली, आणि परत बघतो तर आगीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या. लोखंड जळत होतं. बाहेर काढलं तेव्हा टोक कुरतडल्यासारखं झालेलं. आता पाइपात सरकती पत्र्याची झडप आहे, आणि लोखंड निखाऱ्यांच्या मधल्या थरात आडवं जातं. खाली, हवेच्या तोंडाशी, जळायला मोकळा प्राणवायू असतो; तिथे ठेवलं की खपल्या जास्त आणि लोखंड कमी.

कोळसा आधी लोणारी, म्हणजे लाकडाचा, वापरला. तो धूर करत नाही, पण भसाभसा संपतो आणि झडप जरा उघडली की ठिणग्या शेडभर. दगडी कोळशाची आग टिकते, मात्र पेटताना पिवळा धूर आणि तासाभराने तळाशी काचेसारखा चिकट खडा जमतो. तो आकड्याने ओढून काढला नाही तर हवा अडते आणि आग मधोमध काळी पडते.

आणि इथे मी खरा फसलो. धुराडं म्हणून सहा इंची पाइप लावला होता, कारण तो घरात पडलेला होता. धूर वर जाण्याऐवजी शेडमध्येच पसरायचा. दोन तास काम केलं की डोकं जड, मळमळ. मी त्याचं खापर उन्हावर फोडत होतो. एके दिवशी लोणारी कोळसा होता, धूर दिसत नव्हता, आणि तरी डोकं तसंच ठणकलं, तेव्हा ट्यूब पेटली. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असं अजिबात नाही. त्या दिवशी भट्टी विझवली आणि बारा इंची पाइप, भट्टीच्या बाजूला तोंड असलेलं धुराडं आणि त्या गॅसची सूचना देणारं यंत्र लागेपर्यंत पेटवली नाही. समोरासमोरची दोन्ही दारं उघडी ठेवणं हा तेव्हापासूनचा नियम.

बाकी सामान पटकन सांगतो. सांडशी सुरुवातीला लागतच नाही. दोन फूट लांब सळई घ्या, दुसरं टोक हातातच राहतं, तुकडा शेवटी तोडायचा. बाकावरचा साधा व्हाइस, म्हणजे काम आवळून धरणारा शिकंजा, वाकवायला चालतो, घाव घालायला नाही. माझ्या व्हाइसचा बिडाचा जबडा तिसऱ्या आठवड्यात तडकला. (बिडाशी माझं काहीतरी जुनं वैर असावं.) घाव सोसायला खाली जमिनीपर्यंत पाय असलेला लोहारी व्हाइसच लागतो. कपडे सुतीच, कारण नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. आणि तापलेला तुकडा सिमेंटच्या फरशीवर टाकू नका. आतला ओलावा वाफ होतो आणि फरशीचे कपचे उडतात.

उजेडाबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण हे कुणी सांगितलं नव्हतं. मी भट्टीवरच भला मोठा एलईडी लावला होता. त्याच्याखाली केशरी लोखंड फिकट लाल दिसायचं, म्हणून मी आणखी तापवायचो. संध्याकाळी दिवा न लावता काम केलं त्या दिवशी कळलं की दिवसभर मी लोखंड शिजवून काढत होतो. आता भट्टीच्या कोपऱ्यात अंधार ठेवलाय, दिवा फक्त बाकावर.

पहिलं उपयोगी काम म्हणजे छिन्नी. गाडीच्या जुन्या कमानपाट्याची पट्टी, त्यात कर्ब पुरेसं असतं. घडवली, मग पाणी पाजायला, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करायला घेतली. दोरीला चुंबक बांधून ठेवलंय: साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला ओळखेनासं होतं, त्याच्या थोडं पुढे गेलं की बुडवायचं. मी हौसेने खऱ्याखुऱ्या पाण्यात बुडवली. बादलीतून ‘टिण्’ असा बारीकसा आवाज आला. धारेपासून वरपर्यंत केसासारखी चीर. दुसरी छिन्नी कोमट तेलात बुडवली. मग धार कानशीने तपासली. कानस नुसती घसरत होती, म्हणजे धार कडक झाली होती, पण ठिसूळही. तो ठिसूळपणा घालवायला पुढचं काम. टोक पॉलिश कागदाने उजळलं आणि मागच्या जाड भागाला हळूहळू उष्णता दिली. रंग मागून धारेकडे सरकताना दिसतात: आधी फिकट पेंढ्याचा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा धारेपाशी पोचला तसं परत तेलात. तीन महिने झाले, त्याच छिन्नीने सळया तोडतोय, धार एकदाच लावली.

बिडाची ऐरण विकायला मन धजावलं नाही. दुसरा कुणी माझ्यासारखा फसला असता. ती आता मागच्या दाराला टेकवून ठेवलीय. वारा कितीही सुटला तरी दार बंद होत नाही.