लाँगबोर्डचा लॉग: आडवं जायला जमतंय, आता लाट सोडायची नाही

सर्फिंगच्या मागच्या अपडेटनंतर बराच गॅप पडला, तर आधी मोठी बातमी: फोमी, म्हणजे शिकाऊंचा मऊ फोमचा बोर्ड, सुटला. आता ९ फूट २ इंचाचा सिंगल फिन (खाली एकच पंख) लाँगबोर्ड आहे, आकारमान साधारण ६८ लिटर, गोल नाक, मागेही बऱ्यापैकी रुंद, सेकंडहँड, डेकवर म्हणजे वरच्या बाजूला आधीच्या मालकाच्या टाचांचे खड्डे पडलेले. मालक गूफी (उजवा पाय पुढे ठेवणारा) असावा कारण सगळे खड्डे माझ्या उलट बाजूला आहेत, असो.

ज्या फोमीवरून हार्डबोर्डवर जायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपण सगळ्या लिटर लिटर करत बसतो, पण माझा आठ फुटी फोमी ८० लिटरच्या वर होता, म्हणजे लांबी वाढली तरी लिटर कमी झाले, आणि तरीही पॅडल करायला (झोपून हातांनी वल्हवायला) हा बोर्ड सोपा जातोय. लांबीमुळे तो पाण्यावरून सरकत राहतो, दोन हात मारले की पुढे जातच राहतो, फोमी मात्र हात थांबला की थांबायचा. फक्त एक होतं, फोमीवर तुम्ही थोडं मागे झोपलात तरी तो सांभाळून घेतो, हा नाही घेत. जरा मागे झोपलं की नाक वर येतं आणि लाट खालून निघून जाते, जरा पुढे झोपलं की नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही तोंडावर. आता माझं गणित असं आहे की नाक पाण्याच्या दोन बोटं वर दिसलं पाहिजे, त्या जागी हनुवटीखाली डेकवर वॅक्सची एक जाड रेघ मारून ठेवलीये, झोपले की हनुवटी रेघेवर, विषय संपला.

आता मेन मुद्दा. आडवं जायला लागलेय! फेसाच्या पाण्यात उभं राहून सरळ किनाऱ्याकडे येणं हे काय आपण सगळ्यांनीच केलंय, पण न फुटलेल्या हिरव्या लाटेच्या उभ्या अंगावर उजवीकडे पळत जाणं ही वेगळीच भानगड आहे, आणि मला वाटायचं की पॉपअप झाल्यावर (झोपलेलं उठून उभं राहिल्यावर) मग वळायचं असतं. तसं नसतं. वळणं पॅडलमध्येच सुरू होतं. शेवटचे दोन स्ट्रोक डावा हात जरा जास्त खोल मारायचा म्हणजे बोर्ड आधीच उजवीकडे तिरका होतो, मग उठताना मान उजवीकडे, नजर लाटेच्या त्या भागावर जो अजून उभा राहतोय, आणि खाली बघायचं नाही म्हणजे नाहीच. मी रेग्युलर आहे, डावा पाय पुढे, म्हणजे उजवीकडे जाताना तोंड लाटेकडे असतं, तेव्हा चवड्यांवर थोडा भार दिला की आतली रेल (बोर्डाची कड) पाण्यात धरते आणि बोर्ड आपोआप ट्रिममध्ये बसतो, म्हणजे लाटेवर आपला आपण आडवा पळत राहतो. एकदा बसला की काही करायचंच नसतं. मी मात्र सुरुवातीला सतत काहीतरी करत होते, गुडघे हलव, हात हलव, आमच्या मुलींच्या सर्फ ग्रुपमधली ताई मागून ओरडायची, अगं उभी राहा नुसती!

एक लाट डोळ्यासमोरून जातच नाहीये. कमरेएवढीच होती, ऑफशोअर (किनाऱ्याकडून समुद्राकडे) वारा हलका, म्हणजे लाट जरा जास्त वेळ उभी राहत होती. उठले तेव्हा मागे फेसाचा धो धो आवाज होता आणि मग दोन सेकंदात तो आवाज मागे पडला, बोर्डाखालून फक्त एक बारीक सर्र ऐकू येत होतं आणि उजव्या हाताला पाण्याची भिंत, इतकी जवळ की मी बोटं घातली त्यात. बोटांनी पाण्यात रेघ ओढली गेली आणि मी ती रेघ बघायला मान वळवली आणि अर्थातच पडले. पण ती रेघ दिसली मला, त्याचं काय.

बाहेर जाणं हा अजूनही त्रासच आहे, लाँगबोर्डवर डक डाइव्ह (बोर्ड दाबून लाटेखालून जाणं) होत नाही, एवढा तरंगणारा बोर्ड खाली दाबणार कोण, मग टर्टल रोल. फेस अंगावर यायच्या जरासं आधी श्वास घेऊन रेल घट्ट धरून बोर्डासकट उलटं व्हायचं, बोर्ड वर आपण खाली, बोर्ड अंगाशी धरायचा, हात ताठ ठेवले की लाट बोर्ड हिसकावून नेते. आणि कितीही मोठी लाट आली तरी बोर्ड सोडून द्यायचा नाही, बोर्ड नऊ फूट आणि लीश (पायाला बांधलेली दोरी) नऊ फूट, म्हणजे मागे कोणी असेल तर अठरा फुटांच्या परिघात डोकी फुटू शकतात. हे फोमीवर कोणी फार मनावर घेत नाही, हार्डबोर्डवर घ्यावंच लागतं.

शरीराचं पण लिहिते कारण हे कोणी लिहीत नाही, आणि पुरुषांनी लिहिलेल्या गाइडमध्ये तर नसतंच. बरगड्या दुखतात, छातीवर झोपून पॅडल करायचं असतं आणि पहिले काही आठवडे आपल्याला ते फारच जाणवतं, पाठ किंचित उचलून वजन बरगडीच्या खालच्या भागावर घेतलं की बरं पडतं. काखेत आणि मांडीला आतून रॅश येतात. मासिक पाळीत कप घालून जाते, काहीही अडत नाही. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, चेहऱ्यावर पांढरा थर दिसला तरी चालेल, ते पाण्यात चांगलं टिकतं, आणि प्रवाळांना त्रासदायक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदीच घातलीये, तेव्हा घेताना मागचं लेबल वाचा. कपड्यांचं म्हणाल तर बिकिनी फोटोत छान, वाइपआउटमध्ये (लाटेवरून पडताना) ती कुठे जाईल सांगता येत नाही, मी लांब बाह्यांचा वन पीस आणि वर बोर्डशॉर्ट्स घालते. बायकांसाठी म्हणून कापलेल्या बोर्डशॉर्ट्स ही गोष्टसुद्धा फार जुनी नाही बरं का, क्विकसिल्व्हरने १९९० मध्ये रॉक्सी काढलं आणि ९०च्या दशकात त्या शॉर्ट्स गाजल्या, लिसा अँडरसन त्याचा चेहरा होती, १९९४ ते १९९७ सलग चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन. तोपर्यंत मुली पुरुषांच्याच शॉर्ट्स कमरेला आवळून घालायच्या.

पण यावेळच्या लॉगमध्ये मला खरं लिहायचंय ते लाइनअपबद्दल, म्हणजे लाटांची वाट बघत सगळे बसतात त्या जागेबद्दल. ट्रिम जमलं म्हणून लाटा वाढल्या असं नाही झालं, लाटा वाढल्या कारण मी त्या सोडायचं बंद केलं. नियम सगळ्यांना माहितीये, पीकच्या (लाट जिथे आधी फुटते त्या जागेच्या) सगळ्यात जवळ जो असेल त्याची लाट, त्याच्यासमोर ड्रॉप इन करायचं नाही, म्हणजे त्याच्या लाटेत घुसायचं नाही. तरी मी काय करायचे, पीकवर बरोबर जागी बसलेली, लाट माझी, पॅडल सुरू केलंय, आणि बाजूने कोणीतरी पॅडल करताना दिसला की मी ब्रेक मारायचे. तो बऱ्याचदा लाट पकडायचाही नाही! मग ती लाट रिकामीच किनाऱ्याला जायची. ग्रुपमध्ये विचारलं तर जवळपास सगळ्या हेच करतात, वर सॉरी पण म्हणतात. आणि सारखं मागे हटणारी बाई दिसली की बाकीचे तिला मोजतच नाहीत, ती पॅडल करतेय तरी सरळ ड्रॉप इन करतात, म्हणजे आपण सोडतो म्हणून ते घेतात आणि ते घेतात म्हणून आपण सोडतो, हे चालूच.

हे फक्त आपल्यासारख्या हौशींचं आहे असं समजू नका. प्रो स्पर्धांमध्येसुद्धा वर्षानुवर्षं समुद्र चांगला असेल तेव्हा पुरुषांच्या हीट (फेऱ्या) आणि वारा बिघडला, भरती नको तिथे आली की बायकांना पाठवा, असं चालायचं, आणि मग तेच व्हिडिओ दाखवून म्हणायचं बघा बायकांचं सर्फिंग कसं फिकं असतं. ताहितीतल्या टेआहुपोओच्या लाटेवर २००६ नंतर बायकांची प्रो टूर थेट २०२२ मध्ये परतली, मधली सोळा वर्षं त्या लाटेवर टूरवर फक्त पुरुष. हवाईतल्या पाइपलाइन या लाटेवर बायकांची पूर्ण चॅम्पियनशिप टूर इव्हेंट पहिल्यांदा झाली तीही २०२२ लाच, आणि जिंकली कोण तर मोआना जोन्स वाँग, वाइल्डकार्ड, टूरवर नसलेली, फायनलमध्ये कॅरिसा मूरला हरवून! कारण ती पाइपलाइनवर सर्फ करतच मोठी झालेली, तिथल्या गर्दीत जागा मिळवून बसलेली. २०२४ मध्ये टेआहुपोओला वाहिने फिएरो जिंकली, तीही वाइल्डकार्ड, तीही तिथलीच. त्याच वर्षी त्याच लाटेवर ऑलिंपिक झालं आणि कॅरोलाइन मार्क्सने गोल्ड घेतलं. म्हणजे लाट मिळाली की करतात, प्रश्न मिळण्याचाच होता. पैशाचंही तेच, २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका ज्युनिअर स्पर्धेचा फोटो फिरला होता, मुलाच्या हातात ८००० रँडचा चेक, मुलीच्या हातात ४०००चा, त्यावर केवढा गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी वर्ल्ड सर्फ लीगने २०१९ पासून समान बक्षिसं जाहीर केली.

तर आम्ही ग्रुपमध्ये एक साधी गोष्ट सुरू केलीये. कोणी पीकवर असेल तर बाकीच्या मागून ओरडतात, जा जा जा, तुझीये! ऐकायला बालिश वाटेल पण मागून चार जणी ओरडत असताना ब्रेक मारणं फार अवघड जातं. दुसरं म्हणजे स्वतः तोंड उघडायचं. परवा पॅडल करत होते, लाटेच्या खांद्यावर (पीकपासून लांबच्या उतरत्या भागावर) एक जण वळून पॅडल करायला लागला, माझ्याकडे बघितलं आणि चालूच ठेवलं, मी मोठ्याने म्हटलं, उजवीकडे जातेय! तो लगेच थांबला, बोर्ड मागे ओढला, मी गेले, परत आल्यावर त्याने मस्त होती म्हणून मान हलवली. एवढंच. इतके महिने मी ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

आता ग्रुपचीच एक तक्रार, कोणाला राग आला तर येऊ दे. बारा जणी एकत्र पॅडल करून एकाच पीकवर जाऊन बसणं बरोबर नाही. आपल्याला सुरक्षित वाटतं, पण तिथे आधीपासून शांतपणे बसलेल्या दोघातिघांचं सेशन आपण खाऊन टाकतो, आणि त्यात एखादी बाई असतेच. फक्त मुलींच्या सेशनला माझा विरोध नाही, उलट ७०च्या दशकात हवाईची सर्फर रेल सन आणि तिच्या पिढीच्या बायकांनी एकत्र येऊन स्वतःची प्रो टूर उभी केली नसती तर आज आपण कुठे असतो. पण तीन चार जणींच्या तुकड्या करून वेगवेगळ्या पीकवर बसूया ना. पार्टी वेव्हसाठी छोट्या दिवसाला सगळ्या एकत्र, तेव्हा मजाच असते, मागच्या वेळी पाच जणी एका लाटेवर होतो आणि पहिलीने मागे वळून हात दाखवला नि सगळ्या ओळीने आडव्या.

बीच लाइफचं म्हणाल तर मला ते आवडतं, नाटक नाही करत. सेशननंतर दोन दोन तास वाळूत पडून राहणं, ओल्या केसांचा गुंता, कोणाचं फिन निघालंय, कोणाचा डिंग (बोर्डाला पडलेला खड्डा) रेझिनने भरायचाय, नाकातून अचानक पाणी गळतंय, हे सगळं. फक्त या लाइफस्टाइलच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात बोर्ड काखेत धरलेली मुलगी असते, बोर्डावर उभी असलेली कमी असते. ब्राझीलची सिल्वाना लिमा, दोन वेळा जगात दुसरी आलेली बाई, तिला वर्षानुवर्षं मोठा स्पॉन्सर नव्हता, टूरचा खर्च काढायला तिने कुत्र्याची पिल्लं वाढवून विकली, आणि ती स्वतःच म्हणाली होती की मी मॉडेलसारखी दिसत नाही म्हणून. त्यामुळे ग्रुपच्या अकाउंटवर आम्ही ठरवलंय, फोटो टाकायचे तर लाटेवरचे, वाइपआउटचे पण चालतील, माझे तर तेच जास्त आहेत.

पुढचं टार्गेट क्रॉस स्टेप, म्हणजे पाय ओलांडत बोर्डावर नाकाकडे चालणं. सध्या घरात फरशीच्या रेघेवर सराव चाललाय, मागचा पाय पुढच्यावरून टाकायचा, घसटत जायचं नाही. पाण्यात एक स्टेप होते, दुसरीला बोर्ड वळतो. ताईचं म्हणणं मी फार घाई करते, आधी बोर्ड लाटेच्या उभ्या भागात नीट बसू दे, टेलवरून (बोर्डाच्या मागच्या टोकावरून) पाणी वाहायला लागलं की ते टेल दाबून धरतं आणि तेव्हाच नाकाकडे चालत जाता येतं, त्याआधी गेलं की नाक बुडणारच. पटतंय, पाय ऐकत नाहीत.

आणि एक प्रश्न. माझा फिन आत्ता बॉक्सच्या (फिन बसवायच्या खाचेच्या) मधोमध आहे. मागे घेतला की बोर्ड जास्त स्थिर आणि नाकावर चालायला बरा, पुढे घेतला की वळायला सोपा, एवढं कळतं. पण मला ट्रिम आत्ता कुठे जमायला लागलंय आणि वळणं अजून कच्चं आहे, तर आत्ताच मागे घेऊ का थोडं थांबू? ज्यांनी सिंगल फिनवर क्रॉस स्टेप शिकलंय त्यांनी सांगा, आणि फिन किती इंची होता तेही लिहा, माझा ९.५ आहे.