मायना आणि मजकूर

दिवसभर पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करणाऱ्या माणसाला तेच ते किती वेळा लिहावे लागते, याचा मला स्वतःलाही अंदाज नव्हता. डेटाबेसकडून माहिती मागवायची, काही बिघडले तर ती चूक पकडायची आणि लॉगमध्ये नोंदवायची, हे सात-आठ ओळींचे प्रकरण मी वर्षानुवर्षे जुन्या फाइलमधून उचलून नव्या फाइलमध्ये डकवत आलो आणि जुन्यातले एखादे नाव तसेच राहून गेल्याने अनेकदा तोंडघशी पडलो. शेवटी एका रविवारी व्हिज्युअल स्टुडिओ कोड या प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये स्वतःची स्निपेट्स, म्हणजे हाक मारताच उमटणारे तयार मजकुराचे तुकडे, करायला बसलो.

प्रकार तसा साधा आहे. जेसन नावाच्या ठरावीक साच्यातल्या फाइलमध्ये प्रत्येक स्निपेटची नोंद करायची. प्रीफिक्स म्हणजे त्याला हाक मारायची चार अक्षरे आणि बॉडी म्हणजे ओळीमागून ओळ अवतरणचिन्हांत मांडलेला मजकूर. त्या मजकुरात डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे १ लिहिले की स्निपेट उमटल्यावर कर्सर तिथे जाऊन उभा राहतो, टॅब दाबली की २ वर सरकतो आणि सगळे भरून झाले की ० पाशी थांबतो. एकच आकडा दोन ठिकाणी घातला, तर एकीकडे लिहिलेले नाव दुसरीकडे आपोआप उमटते. माझ्या चुका नेमक्या तिथेच होत असल्याने मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते. डॉलरची ही रीत २००४ साली मॅकवर आलेल्या टेक्स्टमेट या एडिटरची. पुढच्या एडिटरांनी ती उचलली.

मात्र पीएचपीत प्रत्येक व्हेरिएबलच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या नावाच्या, आधी डॉलरच असतो. पहिले स्निपेट मोठ्या हौसेने चालवले, तर सगळे डॉलर गळालेले आणि नावे तेवढी उरलेली! एडिटरने माझी व्हेरिएबल्स आपलीच समजली होती आणि ती ओळखीची निघाली नाहीत म्हणून त्यांना भरायच्या जागा करून टाकले होते. डॉलरच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते आणि जेसनमध्ये ती रेघही दोनदा लिहावी लागते, हे कळेपर्यंत दोन वेळचा चहा गार झाला.

आजोबांच्या पत्रांत वर ‘सा. न. वि. वि.’ आणि खाली ‘कळावे, लोभ असावा’ हे ठरलेले असे. डोके चालवायचे ते मधल्या मजकुरासाठी. आजोबा अख्खा साष्टांग नमस्कार चार अक्षरांत बसवीत, मी चार अक्षरांतून आठ ओळी उलगडतो, एवढाच काय तो फरक.

खरी अडचण हाका लक्षात ठेवण्याची आहे. पहिल्या आठवड्याच्या उत्साहात मी ३१ स्निपेट्स केली, त्यांतली बोटांत बसली ती चार. परवा ती फाइल उघडली, तेव्हा डेटाबेसचेच स्निपेट दोन वेगळ्या हाकांनी दोनदा लिहिलेले सापडले, आणि त्यांतल्या जुन्याचे डॉलर अजूनही गळतच होते.