पाचटाची कोपी

दिवाळी झाली की आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. मी कोल्हापूर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका. उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांतून, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपड्यांतून फिरून तीन ते सहा वर्षांची पोरं गोळा करायची, हे त्या दिवसांतलं पहिलं काम.

त्या वर्षी बीडकडची चार वर्षांची एक मुलगी आली. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. तक्त्यावर बोट ठेवून मी विचारायची, "हे काय?" जहाज, आगगाडी, द्राक्षं. ती खाली बघायची. नोंदवहीत मी लिहून टाकलं : बोलत नाही.

एकदा आहाराची पोती उतरवायची होती, म्हणून मुलांना बाहेर लिंबाखाली नेलं. बांधावर पाचट पडलेलं. पोरं घर-घर खेळू लागली. काटक्या रोवून वर पाचट टाकायची, वाऱ्यानं ते उडायचं. तिसऱ्यांदा उडालं तशी ही उठली. हिरवं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, उचललं, दोन्ही तळव्यांत धरून पीळ दिला, त्यानं पाचटाची मूठ करकचून आवळली आणि टोक आत खोचलं.

"आसं नसतंय. आदी मोळी बांदाया लागती."

मी जागची हलले नाही. ती मात्र थांबेना. "हितं चूल. हिकडं बैल, त्यांना वाढं टाक की! उठा, मुकादम आला, गाडी भरायची."

आमच्या गावातल्या एका पोरानं विचारलं, "मुकादम म्हंजे?"

"उचल देतो त्यो."

"उचल म्हंजे?"

"आबा घेतेत ती."

मोळी, वाढं, मुकादम, मजुरीपोटीची आगाऊ उचल : एवढे शब्द या पोरीजवळ होते, आणि मी तिला जहाज विचारत बसले होते! जहाजाचं उत्तर मला ठाऊकच होतं, तिनं सांगून कुणाचं काही होणार नव्हतं. इथं घराचं छप्पर उडत होतं आणि ते बांधायचं फक्त तिला येत होतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. प्रशिक्षणात हे ऐकलेलं. अंगण मात्र मी प्रार्थनेपुरतंच वापरत आले होते.

त्या दिवशी नोंद खोडून तिची वाक्यं जशीच्या तशी उतरवली. पुढं रोज तासभर लिंबाखाली. माती, पाणी, पाचट, आणि मी कमी बोलायचं. तक्ता दुपारी.

एप्रिलात टोळी परत गेली. गावातली पोरं अजून मोळीला पीळ देताना एकमेकांना सांगतात, "आसं नसतंय."