चर्चगेटच्या पुढे लोकल जायची तेव्हा

कफ परेडला ऑफिस होतं तेव्हा सहा वर्षं मी रोज चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सीच्या लाइनीत उभी राहायचे, आणि पावसात ती लाइन पुढे सरकायचीच नाही. असंच एकदा भिजून पोचले तर आमच्याकडचे रिटायरमेंटला आलेले एक काका म्हणाले, "अगं, पूर्वी थेट इथपर्यंत गाडी यायची, कुलाबा स्टेशन होतं." मला खरंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी चर्चगेटला उतरल्यावर मुद्दाम रूळ संपतात तिथल्या बफरपाशी थांबले. रोजचेच रूळ, रोजचेच बफर, पण लाइन मुळात इथे संपतच नव्हती हे कळल्यावर ते सगळं अर्धवट तोडल्यासारखं वाटायला लागलं.

विरार ते बॅकबे (मरीन ड्राइव्हलगतचा समुद्र, तिथलं तेव्हाचं स्टेशन) पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ला धावली, बीबीसीआय रेल्वेची, म्हणजे आताची वेस्टर्न. १८७३ मध्ये लाइन समुद्राच्या कडेकडेने कुलाब्यापर्यंत गेली. तेव्हा कापसाचा मोठा बाजार कुलाब्यालाच भरायचा (तो नंतर शिवडीकडे गेला, कॉटन ग्रीन हे नाव त्याचंच), त्यामुळे तिथे गाडी नेणं साहजिकच होतं. १८९६ ला स्टेशनची नवी इमारत झाली, लांब पल्ल्याच्या गाड्यासुद्धा तिथूनच सुटायच्या.

मला सगळ्यात जास्त कशाची हळहळ वाटते सांगू? ५ जानेवारी १९२८ ला वेस्टर्नवरची पहिली विजेची लोकल कुलाबा ते बोरिवली धावली. म्हणजे खांब उभे केले, तारा ओढल्या, नवे डबे आणले, आणि तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा बंद! बॅकबेमध्ये भराव टाकून नवी जमीन काढायचं काम चालू होतं, त्यात ही लाइन मधे येत होती. लांबच्या गाड्यांसाठी त्याच डिसेंबरात बॉम्बे सेंट्रल सुरू झालं, लोकल चर्चगेटला थांबायला लागली, आणि कुलाब्याच्या माणसाच्या नशिबी बस नाहीतर टॅक्सी आली ती कायमची.

स्टेशनच्या जागेवर आता बधवार पार्क आहे, रेल्वेच्या अधिकाऱ्यांची कॉलनी. मी गेटबाहेरून कितीदा पाहिलं असेल, प्लॅटफॉर्मची एखादी कड तरी दिसेल म्हणून. काहीच दिसत नाही, झाडं, बिल्डिंगी आणि पार्क केलेल्या गाड्या. निदान एक पाटी तरी लावायला हवी होती हो तिथे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत आली. माझं ते ऑफिस कधीच सुटलंय, तरी एका रविवारी खास गेले. चर्चगेट, विधान भवन, कफ परेड, बसेपर्यंत पोचलेसुद्धा, आणि सहा वर्षांची ती टॅक्सीची लाइन आठवून एकदम भरूनच आलं. फक्त ही जमिनीखालून जाते, त्यामुळे खिडकीतून समुद्र दिसत नाही.