दाराजवळचं कन्सोल टेबल : तक्तपोशीच्या फळीपासून आजपर्यंत

मार्च ते मे

वाईचं माहेरचं घर उतरवायला काढलं तेव्हा काकांनी विचारलं, "तुला काय हवंय त्यातलं?" मी तक्तपोशीची, म्हणजे लाकडी छताची, एक फळी मागितली, स्वयंपाकघरावरची. १३ फूट लांब, ११ इंच रुंद, सव्वा इंच जाड. खालची बाजू चुलीच्या धुरानं इतकी काळी झालेली की फळी सागाची आहे हे फक्त कापलेल्या टोकावरून कळत होतं. बाकीच्या फळ्या आणि तुळया लाकूडवाल्याकडे गेल्या. ही एक टेम्पोत घालून पुण्याला आणली.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की ४ फूट २ इंच रुंदीचा पॅसेज आहे. त्याच्या डाव्या भिंतीला काहीतरी हवं असं वर्षानुवर्षं वाटत होतं. वाईच्या घरात त्याच जागी, दारातून आत आलं की डाव्या हाताला, एक कोनाडा होता. आजोबा बाहेरून आले की चष्मा, किल्ली आणि काडेपेटी त्यात ठेवायचे. शेजारच्या खुंटीला छत्री आणि टोपी. फ्लॅटच्या चार इंची भिंतीत कोनाडा निघत नाही, म्हणून भिंतीलगतचं अरुंद टेबल, कन्सोल.

फळी आधी गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश घेऊन धुतली आणि तीन आठवडे सावलीत उभी करून वाळवली. उन्हात घाई केली तर लाकूड पीळ घेतं. मग खिळे. लोहचुंबक फिरवत गेले, तेव्हा वरून न दिसणारे, डोकं तुटून आत राहिलेले पाच खिळे सापडले. जुनं लाकूड कुणी रंध्याखाली घालणार असेल तर हे काम अजिबात टाळू नका. एक खिळा राहिला तरी पात्याला दाता पडतो आणि मिस्त्री पुढचं काम हातात घेत नाहीत.

सुतारकाकांनी रंधा मारला आणि पहिली साल गुंडाळत बाहेर आली. वरचा काळा थर कागदाइतका पातळ होता. त्याच्याखाली मधासारखा रंग, सरळ रेषा, आणि जुन्या चामडी पेटीला येतो तसा वास. इतक्या वर्षांनी सागाचं तेल अजून आत होतं. म्हणूनच जिथे सरस लावायचा तिथे आधी स्पिरिटनं पुसून घ्यावं लागलं. तेलकट पृष्ठभागावर सरस नीट धरत नाही.

फळीची खालची बाजू मात्र रंधू दिली नाही. सुतारकाकांना दोनदा सांगावं लागलं. जी बाजू स्वयंपाकघरातून वर बघताना दिसायची, ती टेबलातही खालीच राहिली, काळीच. हाताला काजळी लागू नये म्हणून लाखेचे दोन हात दिले, बस्स. टेबलाच्या कडेखाली बोटं घातली की तिथला खडबडीतपणा लागतो. मला तो रोज लागतो.

बांधणी साधी ठेवली. पुढे दोनच पाय आणि मागची बाजू भिंतीवर स्क्रूनं बसवलेल्या सागाच्या पट्टीवर टेकलेली. फ्रान्समध्ये सतराव्या-अठराव्या शतकात कन्सोल म्हणत ते असंच असे, भिंतीला धरून उभं राहणारं. आपल्याकडे त्याचा वेगळाच फायदा आहे : मागे पाय नसल्यामुळे केर काढताना आणि लादी पुसताना झाडू-फडकं सलग फिरतं. लांबी ४२ इंच, खोली साडेदहा इंच, उंची ३३ इंच. जेवणाच्या टेबलाची उंची ३० धरतात, पण इथे माणूस उभ्यानं वस्तू ठेवणार. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पाट ठेवून उंच-सखल करून बघितलं, तेव्हा ३३ ला हात न वाकता खाली येत होता. पॅसेजमध्ये चालायला साडे-एकोणचाळीस इंच उरतात. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं थोडं अंग चोरावं लागतं, त्यापेक्षा जास्त नाही.

पॉलिश मी स्वतः केलं, मेच्या कोरड्या दिवसांत. काचपेपर ८०, मग १२०, मग २२०. चपडा लाख एक लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून. कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळून पाच हात दिले आणि दर दोन हातांच्या मधे ३२० चा कागद अगदी हलका फिरवला. पॉलियुरेथेनचं कृत्रिम पॉलिश जास्त टिकतं हे मला माहीत आहे. पण ते लाकडावर प्लॅस्टिकसारखं बसतं, आणि बिघडलं तर सगळं खरवडून काढावं लागतं. लाख जिथे बिघडली तिथेच दुरुस्त करता येते. हा निर्णय पुढे जुलैत उपयोगी पडला.

जून

टेबल भिंतीला लागलं आणि मी आठवडाभर त्यावर काही ठेवलं नाही. आधी आरसा ठरवायचा होता.

टेबलाच्या लांबीच्या दोन-तृतीयांश रुंदीचा आरसा चांगला दिसतो असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबानं २८ इंच होतात. दोरा आणि पेन्सिल घेऊन वर्तमानपत्रातून २८ इंचांचा गोल कापला आणि भिंतीवर चिकटवला. दुकानात एवढा आरसा छोटा वाटतो, पण आमच्या पॅसेजमध्ये नुसता कागद लावूनच भिंत संपली. २४ कापला, मग २०. वीसचा गोल चार दिवस राहू दिला. सकाळी, दिवा लावल्यावर, आतून बघून, दारातून बघून. तोच पक्का झाला. एका वर्तमानपत्राच्या खर्चात महागडी चूक टळते, म्हणून ही युक्ती मी सगळ्यांना सांगते.

आरसा दारासमोर नको असं आमच्या आईंचं (सासूबाईंचं) मत होतं. भिंत बाजूची असल्यानं तो प्रश्न आला नाही. उंचीवर मात्र त्यांनी बोट ठेवलं. मी आरशाचा मध्य ६० इंचांवर धरला होता. त्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कपाळाचा वरचा भागच दिसतोय, कुंकू नाही दिसत." आता मध्य ५६ वर आहे. घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला आरशासमोर उभं करून मगच भोक पाडा.

याच महिन्यात पॅसेजमधला ६५०० केल्विनचा पांढरा दिवा काढून २७०० चा पिवळसर लावला. सागाचा रंग त्या दिवशी पहिल्यांदा रात्रीही दिसला. सजावटीला एक वस्तू कमी घेतली तरी चालेल, पण दिवा आधी बदला.

जुलै

आता मांडणी. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून नऊ इंचांचं तांब्याचं घंगाळ आणलं, दोन बाजूंना कड्या असलेलं. त्यावर मठारकाम आहे, म्हणजे हातोडीनं ठोकून काढलेले बारीक खळगे, ओळीनं. ते नक्षीसाठी आहेत असं वाटतं, पण ठोकल्यानं पत्रा घट्ट होतो, भांड्याला ताकद येते, म्हणून ते काम आलं. शोभा मागाहून. जवळून बघा : प्रत्येक खळग्यात दिव्याचा एकेक ठिपका असतो आणि आपण चालत गेलो की ते सगळे ठिपके एकदम सरकतात. चिंच-मिठानं महिन्यातून एकदाच घासते. दर आठवड्याला लखलखीत केलं तर ते दुकानातल्यासारखं दिसतं.

घंगाळात पाणी आणि फुलं. पावसाळ्यात सोनटक्का. दार उघडायच्या आधीच वास येतो. पाणी रोज बदलायचं, हा नियम आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो.

आणि इथेच फसलं. पुसायचं राहून गेलेलं घंगाळ दोन दिवस तसंच टेबलावर होतं. उचललं तर खाली पांढरं कडं, चंद्राला खळं पडतं तसं. लाखेत पाण्याचा अंश शिरला की ती दुधाळ होते. पावसाळ्याच्या दमट हवेत तर लवकरच. मलमलीचा बोळा स्पिरिटनं नुसता ओलसर केला, जवळजवळ कोरडाच, आणि कुठेही न थांबता कड्यावरून हलके हलके फिरवला. स्पिरिटनं वरची लाख किंचित सैल होते, अडकलेला ओलावा निघून जातो आणि लाख पुन्हा बसते. तीन वेळा केलं, दर वेळी तासाभरानं. कडं गेलं. बोळा एका जागी थांबला असता तर खड्डा पडला असता. आता घंगाळाखाली नारळाच्या काथ्याची छोटी चटई आहे. हाताचं सॅनिटायझर या टेबलाच्या आसपास येऊ देत नाही. त्यात अल्कोहोल असतं आणि एक थेंबही पॉलिश खातो.

दुसरी अडचण दिसण्याची होती. सावंतवाडीहून आणलेली गंजिफाची, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची, तीन पानं फ्रेम करून आरशाशेजारी लावली होती. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०, आणि सगळी गोल. हाताला नाण्यासारखी लागणारी, लाखेचा हात दिलेली पानं. माझ्याकडे मत्स्य, कूर्म आणि वराह आहेत. पण गोल आरसा, गोल घंगाळ, गोल पानं असं सगळं एकत्र आल्यावर नजर कुठेच टेकेना. काहीतरी उभं हवं होतं.

पहिला विचार समईचा. आई म्हणाल्या, "पेटवणार नसशील तर दारात समई मांडू नकोस." त्यांचं बरोबर होतं. समई देवापुढची वस्तू आहे, उंची भरायला वापरायची नाही.

मग माळ्यावरची मापं आठवली. पितळेची, धान्याची : चिपटं, मापटं, शेर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. शेजारी शेजारी ठेवली तेव्हा इतकी छान पायरी झाली की मी टेप घेऊन बसले. आकार तोच ठेवून आत मावणारं धान्य दुप्पट केलं की उंची दुप्पट होत नाही, साधारण सव्वापट होते. म्हणून चार इंचांच्या शेजारी पाच, पाचाच्या शेजारी सव्वासहा. सजावटीच्या वस्तूंची चढती रांग लावताना आपण अंदाजानं जे करत बसतो, ते मापं घडवणाऱ्यानं हिशेबातच करून ठेवलं होतं. शेरात वाळलेल्या गवताचे चार तुरे ठेवले आणि हवी होती ती उभी रेघ मिळाली. गंजिफाची पानं समोरच्या भिंतीवर गेली. आता ती आरशात दिसतात.

ऑगस्ट

टेबल "पूर्ण" झालं होतं. उजवीकडे मापं, मध्ये घंगाळ, डावीकडे सावंतवाडीची लाकडी फळं. फोटो काढले. सगळ्यांना आवडलं. आणि रोज सकाळी दुधाच्या पिशव्या शूज घालायच्या स्टुलावर, किल्ली फ्रीजवर, कुरियरचं पाकीट जमिनीवर. टेबलाला कुणी हात लावत नव्हतं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "आई, तिथे काही ठेवलं की तुझं बिघडतं."

एक आठवडा मी फक्त बघत बसले, कोण काय घेऊन आत येतं आणि कुठे टेकवतं. जवळजवळ सगळे उजव्या हातातली वस्तू टेबलाच्या दाराकडच्या टोकाला ठेवायला बघत होते, आणि तिथे लाकडी फळं होती. फळं उचलली. त्या टोकाला एक वीत जागा पूर्ण मोकळी सोडली. तिच्या मागे भिंतीलगत बुरूड आळीतून आणलेली बांबूची एक उथळ परडी, किल्ल्या आणि चष्म्यासाठी. दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी तिथे आली. मी पुसून घेतलं, काही बोलले नाही.

आता आमच्याकडे नियम असा आहे की ती वीतभर जागा सजवायची नाही. सणाच्या दिवशीही नाही. परवा एक मैत्रीण सुंदर पितळी कासव घेऊन आली आणि अगदी तिथेच ठेवायला गेली. मी ते मापांशेजारी ठेवलं. आईंनी मात्र काल बाहेरून आल्यावर, इकडेतिकडे न बघता, चष्मा काढून परडीत टाकला. मला वाईचा कोनाडा आठवला.

राहिलेलं काम

परडीला दमट हवेनं पांढरी बुरशी धरली होती. कोरड्या ब्रशनं झाडून, उन्हात टाकून, वर पातळ लाखेचा एक हात दिला. छत्रीसाठी टेबलाच्या डाव्या पायाला पितळी आकडा लावायचा आहे, खाली पाणी गळायला मातीचं ताट. गणपतीत घंगाळ आणि मापं आत जातील, कारण त्या दहा दिवसांत अख्ख्या टेबलावर प्रसादाची ताटं आणि येणाऱ्यांच्या पिशव्या असतात. पितृपक्ष गेला, हवा कोरडी झाली, ऑक्टोबरचं ऊन तापलं की वरच्या बाजूला लाखेचे आणखी दोन हात. दाराकडच्या त्या वीतभर जागेत पॉलिश आत्ताच थोडं झिजलंय. तिथे तीन देईन.