भावाची फर्लो आणि मी जामीनदार

माझा मोठा भाऊ खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय, नागपूरच्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात. त्याच्या पहिल्या रजेची सगळी धावपळ मी केली. मुलाखतीला येणाऱ्या बायाबापड्यांना यातलं नेमकं कोणी समजावून सांगत नाही, म्हणून लिहिते.

आईची तब्येत ढासळली तेव्हा आमच्या डोक्यात पॅरोलच होती. मुलाखतीच्या रांगेत यवतमाळकडच्या एक काकू भेटल्या, त्यांचा मुलगा आधी रजेवर येऊन गेलेला. त्या म्हणाल्या, "पॅरोल कायले मागून राहिली वं? त्याले कारण लागते, डॉक्टरचे कागदं लागतात. आधी फर्लो माग."

काकूंचं बरोबर होतं. फर्लो म्हणजे संचित रजा. तिला कारण दाखवावं लागत नाही. वागणूक चांगली आणि ठरलेली शिक्षा भोगून झालेली असली की अर्ज करता येतो. शिवाय ते दिवस शिक्षेतच धरतात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिचे दिवस शिक्षेत मोजत नाहीत, जेवढे बाहेर काढले तेवढे आत भरून द्यावे लागतात. फर्लो कारागृह उपमहानिरीक्षक मंजूर करतात, आजारपणाची पॅरोल विभागीय आयुक्त. घरात मयत झाली तर तातडीच्या पॅरोलचा निर्णय अधीक्षकच घेतात. नियम १९५९ चे, दुरुस्त्या मात्र होत आल्यात.

अर्ज भावानं आतूनच दिला. तिथं फारसं अडलं नाही. अडलं ते पोलिसांच्या अहवालात.

बीट हवालदार घरी आले. खुर्चीच्या हातावर कागद ठेवून माझा जबाब लिहून घेतला: नातं काय, कमाई किती, भाऊ कुठं झोपणार, वेळेवर परत पाठवण्याची हमी घेता का. आधार कार्ड, रेशन कार्ड, वीजबिल, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्या. मग शेजाऱ्यांना विचारलं. समोरच्या भाऊंनी "आमची काही हरकत नाही" म्हणून सही केली. बाजूच्यांनी दारच उघडलं नाही. अहवालात मात्र एकच ओळ आली, 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता'. अर्ज नामंजूर.

मला राग आलाच. पण ज्या मुलाचा खून झाला त्याची आई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिला भीती वाटत असेल तर ती खोटी कशी म्हणू? माझी तक्रार एवढीच, की तिला विचारून तरी लिहायचं होतं. शेजाऱ्याची सही असून त्या सहीचा उल्लेख नाही, आणि शक्यता कशावरून ते कुठंच नाही.

कैद्याला सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. तिथून मिळालेल्या वकील बाईंनी नागपूर खंडपीठात नकाराविरुद्ध फौजदारी रिट याचिका टाकली आणि रजेत राहण्याचा पत्ता बदलायला सुचवलं. कामठीची मावशी तयार झाली. फर्लो हा काही कैद्याचा बिनशर्त हक्क नाही, हे वकील बाईंनी आधीच बजावलं होतं. पण नुसत्या मोघम ओळीवर नकार टिकला नाही, आणि भाऊ कामठीला आला. ठाण्यात हजेरीची अट होती, ती पाळली. परतीच्या दिवशी मी त्याला दुपारीच गेटवर नेऊन सोडलं. तो म्हणे संध्याकाळपर्यंत वेळ आहे. असू दे. उशीर झाला की मिळवलेली माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, कापतात, फरार राहिला तर वेगळा गुन्हा लागतो, आणि पुढं सुटकेची फाइल निघते तेव्हा हे सगळं त्यात असतं.

सुटकेचं म्हणाल तर चौदा वर्षं झाली की आपोआप दार उघडतं, हा समज सोडा. खुनाच्या जन्मठेपेत माफीचे दिवस न धरता किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढावी लागतात. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७५. त्यानंतर गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे किती वर्षांनी सोडायचं ते शासन ठरवतं, आणि त्यासाठी न्यायाधीशांचा अभिप्राय, कारागृहाचा अहवाल, पुन्हा पोलिसांचा अहवाल. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जिथं मुदतीआधी सुटकेचं धोरण आहे तिथं पात्र कैद्याचा विचार सरकारनं अर्जाची वाट न बघता करावा. तरी मी भावाला अर्ज द्यायला लावला. पोच घेऊन ठेवली आहे.

न्यायाधीशांचा अभिप्राय अजून यायचा आहे. तोवर पुढच्या फर्लोचा अर्ज गेलाय, मावशीच्याच पत्त्यावर.