गॅस की कोळसा?

“कोळशाचा ग्रिल घ्यायचा तर आधी अर्धा तास नुसतं उभं राहायची तयारी ठेव,” मित्र म्हणाला आणि निखाऱ्यांवर तळहात धरून आच बघू लागला.

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. माझा गॅसचा ग्रिल दहा-पंधरा मिनिटांत तापतो, बटण फिरवलं की आच कमी. त्याच्याकडे मात्र आधी काळ्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या, मग सगळीकडे पांढरट राखेचा थर चढला, तेव्हा कुठे त्याने जाळी ठेवली. मध्ये एकदा खालची झडप किंचित उघडली. हवा आत गेली आणि निखारे लगेच लालबुंद.

चवीचं म्हणाल तर आपण समजतो तेवढं श्रेय कोळशाचं नाही. नीट पेटलेल्या कोळशाला स्वतःचा धूर फारसा नसतोच. मांसातली चरबी निखाऱ्यावर ठिबकते, जळते, आणि तोच धूर वर येऊन चिकटतो. गॅसवरही हे थोडंफार होतं. खरा फरक कोरड्या, प्रखर आचेचा: गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, कोळशातून ती फारच कमी. (आणि हो, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूमुळे कोळसा बंद जागेत नकोच, विझत आलेलाही नको.)

रोजच्या घाईत मी गॅसच वापरेन. पण सुट्टीच्या दिवशी तो अर्धा तास मला हवासा वाटू लागलाय, सगळे भोवती उभे राहून गप्पा मारतात तो.

तुमच्यापैकी कोणी दोन्ही ठेवलेत का? त्यातला कुठला धूळ खात पडतो?